बालगंधर्व रंगमंदिर : पाडण्याआधी लेखी हमी हवी

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिराचा पुनर्विकास करावा की करू नये, ही चर्चा २०१८ पासून अधूनमधून डोके वर काढते आणि प्रत्येक वेळी तिचा बहुतेक भाग नव्या इमारतीत काय काय असेल यावर खर्च होतो. सध्याची वास्तू प्रेक्षकाला आणि कलावंताला नेमकी कोणती सेवा देते, कुठे कमी पडते आणि ती उणीव इमारतीची आहे की कारभाराची, याची शांतपणे केलेली तपासणी मला क्वचितच वाचायला मिळाली. गेली अनेक वर्षे मी येथे तिकीट काढून नाटके पाहत आलो आहे. त्या अनुभवावर हे परीक्षण लिहितो आहे, आणि त्यात रंगमंदिराबरोबर त्याच्या पुनर्विकासाच्या प्रस्तावाचेही परीक्षण करणार आहे, कारण तो प्रस्तावही नागरिकांना त्यांच्याच पैशातून देऊ केलेली एक सेवा आहे.

आधी वास्तूविषयी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठेच्या काठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर जेमतेम पंधरा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, याच नदीजवळ या रंगमंदिराचे भूमिपूजन झाले आणि ते स्वतः नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या हस्ते झाले. घरे गमावलेल्या माणसांचे पुनर्वसन अजून चालू असताना शहराने नाट्यगृहाचा पाया घातला, ही गोष्ट मला आजही विचार करायला लावते. रंगमंदिर पूर्ण होण्याआधीच, १५ जुलै १९६७ रोजी, बालगंधर्व गेले. पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, रंगमंदिर रसिकांसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीने लक्ष घातले होते. नाट्यगृह कसे असावे, हे नाटक करणाऱ्या माणसाला विचारून ठरवले गेले, आणि त्याचा परिणाम आत बसल्यावर जाणवतो.

सुमारे एक हजार आसनांच्या या प्रेक्षागृहात मी पुढच्या रांगांत बसलो आहे, मधल्या रांगांत बसलो आहे आणि हातात पैसे कमी असण्याच्या काळात बाल्कनीतही पुष्कळ बसलो आहे. बाल्कनीत बसूनही नटाचा चेहरा ओळखता येतो, त्याने खालच्या पट्टीत उच्चारलेले वाक्य समजते आणि समोरच्या प्रेक्षकाच्या डोक्यामागून मान वाकडी करून पाहावे लागत नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात या तीन गोष्टी एकत्र साधणे फार अवघड असते. दुसऱ्या एका शहरात, नुकत्याच नूतनीकरण झालेल्या नाट्यगृहात, वातानुकूलन यंत्रणेच्या घरघरीखाली नायिकेचे अर्धे स्वगत बुडालेले मी ऐकले आहे. तेथील खुर्च्या निश्चितच अधिक मऊ होत्या. नवे असणे आणि नाटकासाठी योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा शिकलो.

बालगंधर्वचे दुसरे बलस्थान म्हणजे त्याचे आवार. रस्त्यावरून आत आल्यावर लागणारी मोकळी जागा, शेजारच्या संभाजी उद्यानातील झाडांची सोबत, तिकीट खिडकीसमोर प्लॅन पाहत उभी असलेली माणसे, आणि आत गेल्यावर चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. तिसरी घंटा होण्याआधी त्या दोन चित्रांसमोर क्षणभर थांबणे हा माझ्या पिढीच्या अनेक प्रेक्षकांचा शिरस्ता आहे. मध्यंतरात वडा आणि चहा घेऊन बाहेरच्या मोकळ्या हवेत उभे राहता येते, अनोळखी माणसाशी पहिल्या अंकाबद्दल दोन शब्द बोलता येतात आणि कधी कधी त्या बोलण्यातून नाटक अधिक उलगडते. कलादालनातील चित्रप्रदर्शन पाहायला आलेला माणूस नाटकाचा फलक पाहून तिकीट काढतो, हेही मी पाहिले आहे. लावणीचा कार्यक्रम, संगीत नाटक, शाळेचे स्नेहसंमेलन, व्याख्यान आणि व्यावसायिक नाटक हे सर्व एकाच आठवड्यात एकाच छताखाली होते आणि त्या प्रत्येकाचा प्रेक्षक निराळा असतो. शहराच्या मध्यभागी, पेठांतून चालत येता येईल अशा अंतरावर आणि तुलनेने परवडणाऱ्या भाड्यात ही सोय मिळते, म्हणून हे घडते.

आता उणिवा. कलावंतांनी आणि प्रेक्षकांनी वेळोवेळी जाहीरपणे मांडलेल्या तक्रारी आता जवळजवळ पाठ झाल्या आहेत: स्वच्छतागृहांची अवस्था, डास, रंगपटांची, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोल्यांची, दुरवस्था, वातानुकूलन बंद पडणे आणि गर्दीच्या दिवशी वाहने लावण्यासाठी होणारी ओढाताण. गुडघे दुखणाऱ्या प्रेक्षकाला बाल्कनीचे जिने चढणे कठीण जाते, आणि मराठी नाटकाचा फार मोठा प्रेक्षक आता त्या वयाचा आहे. तारखांच्या वाटपाबद्दल निर्मात्यांची नाराजीही जुनीच आहे. आधी मिळालेली तारीख शासकीय किंवा राजकीय कार्यक्रमासाठी काढून घेतली गेली, तर नाटकाच्या संस्थेचे जाहिरातीपासून नटांच्या तारखांपर्यंत सगळे गणित कोलमडते, आणि लहान संस्था तो फटका सहज सोसू शकत नाही.

या तक्रारींपैकी प्रत्येकीसमोर मी एक प्रश्न ठेवून पाहिला: इमारत पाडल्याने ही तक्रार दूर होईल का? जिन्यांची अडचण उद्वाहन बसवल्याने दूर होऊ शकते. रंगपट आणि विद्युत यंत्रणा बदलता येते. स्वच्छतागृह रोज धुतले गेले नाही, तर ते १९६८ साली बांधलेले असो वा पुढच्या वर्षी, त्याची तीच दशा होणार आहे. महापालिकेने नंतरच्या काळात शहराच्या निरनिराळ्या भागांत नाट्यगृहे बांधली, आणि देखभालीच्या या तक्रारी त्यांच्याबद्दलही वृत्तपत्रांत येत राहिल्या आहेत. तारखांचे वाटप तर पूर्णपणे कागदावरचे काम आहे. त्यासाठी एक वीटही हलवावी लागत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, वास्तूला पाचपैकी साडेचार गुण द्यावेत आणि तिच्या व्यवस्थापनाला दोन. ज्या प्रस्तावात या दोन आकड्यांमधील फरकाचे कारण सांगितलेले नाही, तो प्रस्ताव चुकीच्या आजारावर शस्त्रक्रिया सुचवतो.

प्रस्तावाचा प्रवास थोडक्यात असा. २०१८ मध्ये, म्हणजे रंगमंदिराच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, महापालिकेच्या स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मुरलीधर मोहोळ यांनी अर्थसंकल्पात पुनर्विकासाची कल्पना मांडली. पुढे ते महापौर झाले आणि २०२४ पासून ते पुण्याचे खासदार व केंद्रात राज्यमंत्री आहेत. मधल्या काळात आराखडे मागवले गेले, सादरीकरणे झाली, एकाच जागी लहानमोठी अनेक नाट्यगृहे आणि प्रशस्त कलादालन उभारण्याचे चित्र रंगवले गेले. विरोधही लगेच झाला. मोक्याच्या जागी हळूहळू व्यापारी संकुल उभे राहील, नाटक तळमजल्यावरच्या एखाद्या कोपऱ्यात जाईल, ही भीती अनेकांनी बोलून दाखवली. कलावंतांमध्येही एकमत नव्हते आणि अजूनही नाही. हे नमूद करणे मला आवश्यक वाटते, कारण पुनर्विकासाच्या बाजूने बोलणारे सर्वच लोक जमिनीवर डोळा ठेवून आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. प्रायोगिक नाटक करणाऱ्या तरुण मंडळींना हजार आसनांचे सभागृह परवडत नाही आणि पेलवतही नाही. शहराच्या मध्यभागी दोनतीनशे आसनांचे, सुसज्ज आणि महापालिकेच्या दरातले सभागृह मिळाले तर त्यांचे काम कितीतरी सोपे होईल. ही गरज खरी आहे. ती पूर्ण करण्यासाठी चांगले चालणारे प्रेक्षागृह पाडावे लागते का, आवारातील उरलेल्या जागेत किंवा महापालिकेच्या दुसऱ्या एखाद्या मिळकतीत ती सोय होऊ शकत नाही का, याचे उत्तर आकडे आणि नकाशे समोर ठेवून द्यायला हवे.

येथे स्थानिक राजकारणाचा प्रश्न येतो. एवढ्या मोठ्या खर्चाचे काम नेहमीच्या वाटेने जाते तेव्हा प्रशासन प्रस्ताव तयार करते, स्थायी समिती खर्च तपासते आणि मुख्य सभेत नगरसेवक त्यावर जाहीरपणे बोलतात. कोणी कोणत्या बाजूने मत दिले, याची नोंद राहते. पुणे महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे तेथे प्रशासकाचा कारभार होता. आयुक्तांच्याच स्वाक्षरीने प्रस्ताव येत होता आणि समितीच्या व सभेच्या वतीने त्यांच्याच स्वाक्षरीने तो मंजूरही होऊ शकत होता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटनेचे २४३-यू हे कलम सांगते, तरी राज्यातील महापालिकांच्या निवडणुकांना जानेवारी २०२६ उजाडले. आता सभागृह आहे, नगरसेवक आहेत आणि बालगंधर्वच्या बाबतीत काय ठरते याची जबाबदारी पुन्हा नावानिशी सांगता येईल अशा माणसांवर आली आहे. मधल्या काळात तयार झालेला कोणताही कागद जसाच्या तसा पुढे न रेटता तो या सभागृहात मुळापासून तपासला जावा, ही किमान अपेक्षा आहे.

तपासायचे काय, हेही स्पष्ट असावे. सध्याच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कोणत्या संस्थेने केली आणि तिचा निष्कर्ष काय, हा अहवाल सर्वप्रथम लोकांसमोर यायला हवा, कारण इमारत धोकादायक असेल तर माझा युक्तिवाद कमकुवत होतो आणि ते मी मान्य करीन. बांधकामाच्या काळात येथील प्रयोग कुठे होणार, याचे तारीखवार नियोजन हवे. चांगले चाललेले नाटक दोनतीन वर्षे शहराच्या मध्यभागी उभेच राहिले नाही, तर पेठेतला प्रेक्षक सवय मोडून घरी बसतो आणि मग तो सहज परत येत नाही. नव्या संकुलाचा वार्षिक चालवण्याचा खर्च किती आणि तो भाड्यातून वसूल करणार का, हा प्रश्न तर कळीचा आहे, कारण भाडे दुप्पट झाले की तिकीट महागते. तळघरात वाहनतळ येणार असेल, तर नदी किती जवळ आहे आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील लोकांना घरातून कसे बाहेर काढावे लागले, हे आठवून त्याचा विचार व्हावा. शिवाय पगडीच्या आकाराचे छप्पर असलेले संभाजी उद्यान मेट्रो स्थानक आता रंगमंदिराच्या मागेच आहे. वनाजकडून किंवा पुणे स्टेशनकडून येणाऱ्या प्रेक्षकाला मोटार आणण्याचे कारण उरलेले नाही, तेव्हा वाहनतळाचा जुना हिशेब नव्याने मांडावा लागेल.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार ही कागदपत्रे कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांनी येऊन दप्तर पाहावे, ही प्रथा पुणे महापालिकेतच रुजली. ज्या शहराने ती घालून दिली, तेथे नाट्यगृहाच्या आराखड्यासाठी अर्जामागून अर्ज करावे लागू नयेत.

हा आग्रह मी का धरतो, याचे कारण पणजीत आहे. मांडवीच्या काठावर, कांपाल येथे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी ही गोव्यातील मराठी, कोंकणी नाटकाची आणि तियात्र या गोव्याच्या कोंकणी नाट्यप्रकाराची हक्काची जागा. मारियो मिरांडा यांच्या रेषांनी तिच्या भिंती बोलक्या केल्या. मराठी नाट्यस्पर्धेसाठी पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या हौशी संस्थांनी येथे प्रयोग केले. तिचे नूतनीकरण २०२१ मध्ये सुरू झाले, खर्च पन्नास कोटींच्या पुढे गेला आणि हे काम निविदा न काढता, थेट नियुक्ती करून देण्यात आले होते. विधानसभेत त्याबद्दल विचारणा झाली तेव्हा तत्कालीन कला व संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी, शाहजहानने ताजमहाल बांधताना दरपत्रके मागवली नव्हती, अशा आशयाचे उत्तर दिले. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. सुदैवाने त्या वेळी तेथे प्रयोग नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली, आणि त्यानंतर ध्वनी, प्रकाश आणि गळती यांबद्दल कलावंतांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला आणि सरकारला दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावे लागले. ज्या माणसांना आधी विचारायचे, त्यांना नंतर दोष शोधण्यासाठी बोलावले गेले.

कोल्हापूरचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायकनट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी तेथे जमलेल्या कलावंतांना रडू आवरत नव्हते. जुन्या वास्तूवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ही घटना विसरता कामा नये. वास्तू जपायची म्हणजे तिची वीजवाहक तार, अग्निशमन यंत्रणा आणि लाकूडकाम नियमितपणे तपासायचे, आणि त्यासाठीही कोणाचे तरी नाव जबाबदार म्हणून लिहिलेले असायला हवे.

बालगंधर्वसाठी काय मागायचे, याचा नमुना दूर जाऊन शोधावा लागत नाही. तो रंगमंदिराच्या फाटकाबाहेरच आहे. १९७३ च्या पावसाने पुण्यातील रस्त्यांची चाळण झाली होती. तेव्हाचे स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी, मुंबईतही जोरदार पाऊस पडतो तरी तेथील रस्ते का टिकतात, असा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारला आणि त्या शोधातून दोन पारशी बंधूंच्या रेकॉन्डो या कंपनीपर्यंत ते पोहोचले. जंगली महाराज रस्त्याचे काम त्या कंपनीला मिळाले. तेही निविदेशिवाय दिले गेले होते, हे येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण नुसते निविदा काढली की नाही एवढ्यावर पणजी आणि पुणे यांतील फरक समजत नाही. निविदा निघालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु जंगली महाराज रस्त्याच्या बाबतीत कंपनीकडून अशी लेखी हमी घेतली गेली होती की, दहा वर्षांत रस्ता खराब झाला तर ती तो स्वखर्चाने दुरुस्त करून देईल. १९७६ च्या आरंभी पूर्ण झालेला तो रस्ता हमीची मुदत संपून गेल्यावरही वर्षानुवर्षे खड्ड्यांशिवाय टिकला. ज्यांना काम द्यायचे त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचे, हे एका लोकप्रतिनिधीने ठरवले आणि त्या निर्णयामागे आपले नाव उभे केले.

रंगमंदिराचा पुनर्विकास होवो किंवा, मला वाटते तशी, डागडुजी आणि अंतर्गत नूतनीकरण होवो, त्या कामाच्या करारातही तशीच कलमे असावीत. शेवटच्या रांगेत ध्वनिवर्धकाशिवाय संवाद ऐकू यावा, ही अट मोजमापासह लिहावी आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी नटांना रंगमंचावर उभे करून ती तपासावी. गळती, वातानुकूलन आणि विद्युत यंत्रणा यांची दहा वर्षांची जबाबदारी ठेकेदाराने घ्यावी. उशीर झाल्यास दर महिन्याला किती दंड, हेही त्यात असावे आणि तो दंड प्रयोग गमावलेल्या संस्थांच्या भाड्यातील सवलतीसाठी वापरावा. देऊस्करांची चित्रे कोठे, कोणाच्या देखरेखीखाली ठेवली जातील, याची यादीवार नोंद व्हावी. तारखांचे वाटप संगणकावर सर्वांना दिसेल असे करावे. त्यासाठी तर कोणत्याही बांधकामाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ज्यांनी बालगंधर्वमध्ये अजून नाटक पाहिलेले नाही, त्यांनी ते लवकर पाहावे. मेट्रोने यावे, अर्धा तास आधी पोहोचावे, तळमजल्यावरील मधल्या रांगांतले तिकीट मिळाले तर उत्तम, नाहीतर बाल्कनीचे निःशंकपणे घ्यावे. प्रयोग संपल्यावर आपल्या प्रभागातील नगरसेवकाला पत्र लिहावे आणि त्यात एवढेच विचारावे की, बालगंधर्वच्या प्रस्तावावर मुख्य सभेत आपण काय बोलणार आहात आणि करारात हमी किती वर्षांची मागणार आहात. मी माझ्या प्रभागातील चारही नगरसेवकांना असे पत्र लिहिले आहे आणि त्यांच्या लेखी उत्तराची वाट पाहतो आहे.